विंगेत बसून केलेला खून

महत्त्वाकांक्षा माणसाला खाऊन टाकते, असं कुणी माइकवरून सांगायला लागलं की माझं डोकं उठतं. मी सोलापुरातल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दर वर्षी स्नेहसंमेलनाला पाहुणे येतात आणि त्यातला एक तरी नववी-दहावीच्या मुलींना सांगतोच की, बाळांनो, समाधानी राहा, हाव धरू नका. हा पाहुणा स्वतः चार संस्थांचा अध्यक्ष असतो. निमंत्रणपत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत आलं म्हणून त्यानं आम्हाला आदल्या दिवशी सगळ्या पत्रिका नव्यानं छापायला लावलेल्या असतात. मी स्टेजच्या कडेला हारांचं ताट धरून उभी असते आणि मनात म्हणते, बोल बाबा, तुझं काय जातंय.

मी हे एवढ्या तोऱ्यात बोलू शकते, कारण या भुकेचं मला घरचं ज्ञान आहे. आमच्या हौशी नाटक संस्थेनं काही वर्षांपूर्वी एक जुनी शोकांतिका केली होती. शहाण्यासुरत्या सेनापतीला राजा व्हायची भूक लागते, बायको त्याला टोचणी लावते, घरी पाहुणा आलेल्या राजाला तो मारतो, आणि मग एका खुनाला झाकायला दुसरा, असं करत सगळं रसातळाला जातं. बायकोला शेवटी वेड लागतं. या नाटकात मी प्रॉम्प्टर होते. आणि त्याच नाटकात, विंगेत स्टुलावर बसून, मी एका मुलीचा खून केला. ती मुलगी जिवंत आहे, सरकारी दवाखान्यात नर्स आहे, रोज शंभर लोकांना सुया टोचते. तरी मी खूनच म्हणणार. दुसरा सौम्य शब्द शोधायचा मला कंटाळा आला आहे.

प्रॉम्प्टरचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांना न दिसेल असं विंगेत बसायचं, हातात नाटकाची वही, आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण नट नुसता विसरून थांबत नाही, मुद्दाम पण थांबतो. मुद्दाम थांबला तर तो पॉज, विसरून थांबला तर तो ब्लँक. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पॉजमध्ये शब्द दिलात तर नटाचा सगळा परिणाम मातीत जातो आणि नंतर तो तुम्हाला कच्चा खातो. ब्लँकमध्ये शब्द दिला नाहीत तर नट मातीत जातो. म्हणून मी प्रत्येकाशी एक खूण ठरवून ठेवायची. अडलात की ही खूण करा, मग मी शब्द देते. सेनापतीचं काम करायचे त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते खोटी दाढी खाजवायचे. ते पाणीपुरवठ्यात नोकरीला होते, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी त्यांच्या हातातल्या चावीनं सुटायचं, त्यामुळं अर्धं सोलापूर त्यांना रस्त्यात नमस्कार घालायचं. खूण फक्त माझ्यात आणि त्या नटात असायची, तिसऱ्याला सांगायची नाही. कारण प्रेक्षकांत ओळखीचं कुणी बसलं असेल तर ते नाटक सोडून खुणाच बघत बसतात.

अकरा वर्षं मी हे काम केलं. पहिल्या वर्षी अभिनय करायचा म्हणून गेले होते. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, त्यांनी माझं वाचन ऐकलं आणि म्हणाले, "आवाज छान आहे. पण बोलण्यात कानडी हेल येतोय गं." आमच्या घरी अव्वा, म्हणजे माझी आई, कानडीच बोलायची. वडलांचं होटगीला किराणा दुकान होतं, तिथं गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत आम्ही बोलायचो. हेल येणारच की. सर म्हणाले, "तू राणी झालीस तर ती राणी अक्कलकोटची वाटेल." सगळे हसले. मीही हसले. आज आठवलं की मी का हसले म्हणून माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग त्यांनी मला वही दिली आणि म्हणाले, बस विंगेत, कान तयार होईल, हेल जाईल, पुढच्या वर्षी बघू. हेल गेला. मी आरशासमोर उभी राहून घालवला. दोन वर्षांत माझ्या बोलण्यात कानडी शोधून सापडली नसती. अव्वा म्हणायची, काय गं, घरातपण भाषण दिल्यासारखी बोलायलीस. पण तोवर मी इतकी चांगली प्रॉम्प्टर झाले होते की सरांना मला उठवणं परवडेना. दर वर्षी मी विचारायची आणि दर वर्षी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तू स्टेजवर गेलीस तर विंगेत कोण? तुझ्या भरवशावर हे सगळे उभे आहेत." किती गोड वाटतं ऐकायला. चांगलं काम करणाऱ्या बाईला जागेवर खिळवून ठेवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. शाळेच्या ऑफिसातही मला हेच ऐकवतात, म्हणून मी अजून क्लार्क आहे.

ही शोकांतिका करायचं ठरलं तेव्हा मराठी रूपांतर सरांनी स्वतः केलं. त्यात राजाचं प्रेत वाड्यामागच्या विहिरीत टाकलेलं होतं आणि राणीचं शेवटचं लांबलचक स्वगत त्या विहिरीभोवती फिरायचं. ते सगळं स्वगत सर बोलत गेले तसं मी लिहून घेतलं होतं. शब्द न् शब्द माझ्या हातातून उतरला होता. लिहितानाच मला पाठ झालं. भाकरी थापताना, शाळेत दाखले लिहिताना, मी मनात ते म्हणत असायची. या वेळी राणी मीच, याबद्दल मला शंका नव्हती, कारण संस्थेत त्या वयाची आणि त्या ताकदीची दुसरी कुणी बाई नव्हती.

आणि एका रविवारी सकाळी सर एका मुलीला घेऊन आले. दवाखान्यात त्यांना सलाईन लावताना तिच्याशी ओळख झाली म्हणे. पंचविशीची असेल. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, वडील आयुष्यभर यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. शाळेत असताना एकपात्री करायची. आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणायला लागलो. सरांनी तिला राणीचं स्वगत वाचायला दिलं. माझ्या अक्षरातलं. तिनं ते अडखळत वाचलं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज तेलुगूत चढतो तसा वर चढत होता. मी मनात म्हटलं, झालं, हिला आता नाटकातल्या सैनिकांच्या घोळक्यातसुद्धा उभं करणार नाहीत.

सर म्हणाले, "ऐकलंत? हिच्या बोलण्यात एक परकेपण आहे. राणी अशीच हवी. या वाड्यात बाहेरून आलेली वाटली पाहिजे."

माझा कानडी हेल अक्कलकोटचा, आणि तिचा तेलुगू हेल राणीचा. अकरा वर्षं ज्या कारणासाठी मला विंगेत बसवलं त्याच कारणासाठी तिला तीन मिनिटांत राणी केली. मला तेव्हा उठून विचारायला हवं होतं. सर, हे काय चाललंय, एवढं चार शब्दांचं वाक्य होतं. मी ते बोलले नाही. मी विचारलं, "चहा सांगू का?"

त्या सेनापतीबद्दल लोक इतकं वाईट बोलतात, पण त्यानं निदान राजाला मारलं. ज्याच्याकडं सत्ता होती त्याच्यावर हात उचलला. आम्ही तसं करत नाही. आम्ही राजाला चहा नेऊन देतो, त्याला साखर बरोबर आहे का विचारतो, आणि परत येताना आपल्याच शेजारी बसलेल्याच्या पायात पाय घालतो. मोठ्यावर राग काढायची हिंमत नसली की तो धाकट्यावर काढावा, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. सिस्टरनं माझं काही घेतलं नव्हतं. जे घेतलं ते सरांनी घेतलं आणि तिच्या हातात ठेवलं. हे मला तेव्हाही कळत होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण कळत होतं.

तिला तयार मीच केलं. सर सांगायचे, हिला घेऊन बस. ती ड्युटी संपवून थेट तालमीला यायची, हाताला दवाखान्याचा वास, डब्यात सकाळची भाकरी आणि शेंगाचटणी. शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी एक ओळ म्हणायची, ती म्हणायची. मुलगी हुशार होती. पण ते विहिरीचं स्वगत तिच्या तोंडात बसता बसेना, एका ठरावीक जागी दर वेळी ती घसरायची. म्हणायची, "ताई, हितं माझं डोकंच बंद पडतं बघा. तुमी हाय म्हणून बरं हाय." खूण ठरवताना तिला मी विचारलं, घाबरलीस की तू काय करतीस? ती म्हणाली, मी आपली नाडी धरते. वेड लागलेल्या राणीनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं तर ते अभिनयातच खपून जाणार होतं. म्हणून तीच खूण ठरली.

हे नाटक आम्ही एका स्पर्धेत उतरवलं होतं, प्रयोग दुपारच्या सत्रात होता. एप्रिलमधली सोलापूरची दुपार, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. नाट्यगृहात पंखे गरगरत होते आणि वेशभूषेच्या मखमलीत सगळे उकडून निघत होते. सिंहासन म्हणून लग्नातली लाल खुर्ची डेकोरेटरकडून आणली होती. सकाळपासून सगळे त्या खुर्चीत बसून फोटो काढत होते, भाऊंनी तर मुकुट घालून आठ-दहा काढले. सिस्टरची आई आली होती. तिनं लग्नातली जरीची साडी नेसली होती आणि पडदा उघडायच्या तासभर आधीपासून ती दुसऱ्या रांगेत जाऊन बसली होती. मराठी तिला बाजारापुरतं यायचं. नाटक आयुष्यात पहिल्यांदाच बघणार होती.

पडदा वर जायच्या आधी सरांनी सिस्टरला बोलावलं आणि म्हणाले, शेवटच्या स्वगतात विहिरीच्या आधी मोठा पॉज घे, मनात पाच मोज, मग बोल. मी शेजारीच उभी होते. मी वहीत त्या जागी पेन्सिलीनं पॉजची खूण केली. ती नेमकी तीच जागा होती, जिथं ती दर वेळी घसरायची.

प्रयोग चांगला चालला होता. खरं सांगायचं तर फार चांगला चालला होता. पहिल्या अंकात ती नवऱ्याला टोचून बोलते तिथं प्रेक्षकांत पूर्ण शांतता झाली. भाऊंसारखा दांडगा माणूस तिच्यासमोर लहान दिसायला लागला. मी विंगेतून बघत होते. माझ्यापेक्षा ती बरी करत होती. हेसुद्धा लिहूनच टाकते.

शेवटचं स्वगत आलं. ती पॉजच्या जागी थांबली. मी मोजायला लागले. पाच झाले. सहा झाले. तिचे डोळे समोरून हलले आणि माझ्याकडं वळले. मग तिनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं.

पुढचा शब्द 'विहीर' होता. साधा तीन अक्षरी शब्द, माझ्या ओठांवर होता. मी तिच्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं बघत होती, आमच्यात जेमतेम आठ-दहा फूट अंतर असेल. मी तोंड उघडलं नाही. सात, आठ, नऊ. तिनं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी हातात रुतलेली मला दिसत होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते, कारण माइकवरचे पाहुणे ते कधीच सांगत नाहीत. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात होतं. संबंध नाट्यगृह, चार परीक्षक, सर, लाल खुर्ची, दोन-अडीच महिन्यांची तालीम, सगळं माझ्या एका शब्दावर थांबलं होतं आणि मी तो देत नव्हते. सत्ता म्हणतात ती हीच असेल तर तिची चव फार चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

ती शेवटी घाबरून थेट स्वगताच्या शेवटच्या ओळीवर गेली. मधलं दीड पान गेलं. त्या दीड पानात भाऊंची एन्ट्री होती. ते गडबडून धावत आले तेव्हा प्रकाश दुसरीकडंच पडला होता, ते अंधारात खुर्चीला धडकले, मुकुट पडला आणि घरंगळत पार पुढं गेला. लोक हसले. शोकांतिका बघायला आलेले लोक शेवटच्या प्रवेशाला खो-खो हसले, आणि पडदा पडला.

मेकअप रूममध्ये सरांनी सगळ्यांसमोर सिस्टरला झापलं. झोपड्यातून उचलून आणलं तुला, म्हणाले. तिचं घर झोपडं नव्हतं, पण ते वाक्य तसंच आलं त्यांच्या तोंडून. मग माझ्याकडं वळले. "तू काय करत होतीस?" मी वही उघडून पेन्सिलीची खूण दाखवली. "सर, मला वाटलं पॉजच आहे. तुम्हीच सांगितलंत ना, मोठा घे म्हणून."

सिस्टर माझ्याकडं बघत होती. एक वाक्य बोलली असती, मी नाडी धरली होती, ताईंना खूण माहीत होती, तर माझा खेळ खलास होता. ती म्हणाली, "ताईंनी दिला शब्द सर. मलाच ऐकू आला न्हाई."

मी त्यावरही काही बोलले नाही. पहिल्यांदा गप्प बसले त्याला मी सूड तरी म्हणू शकते. हे दुसऱ्यांदाचं काय होतं?

बाहेर पायऱ्यांवर तिची आई उभी होती, डोळे रडून लाल झालेले. पोरगी अडली हे तिला कळलंच नव्हतं. शेवटी पोरगी इतका वेळ गप्प उभी राहिली, मनगट धरून थरथरली, तो तिला सगळ्यांत चांगला अभिनय वाटला होता. लोक का हसले असं तिनं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझे दोन्ही हात धरले. "माझी पोरगी लई रडवली मला. तुमी शिकवलाव न्हवं तिला? तुमचं लई उपकार." तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता. मला हात सोडवून घ्यायचे होते आणि ती सोडत नव्हती.

नंतर महिनाभरानं त्याच नाटकाचा एक प्रयोग एका कार्यक्रमात ठरला. सरांनी सिस्टरला काढलं. मला घरी बोलावून घेतलं आणि म्हणाले, राणी तू करायचीस. मग सुपारी कातरत कातरत म्हणाले, "मी पहिल्या रांगेत अगदी कडेला होतो, तिथून विंगेतली तू दिसत होतीस. तिनं मनगट धरलं तेव्हा तू तिच्याकडं बघत होतीस, वहीकडं नाही. प्रॉम्प्टर चुकून गप्प बसला तर तो वहीत बघत असतो. मला तेव्हाच कळलं." वाटलं, आता हाकलणार. ते हसले. पहिला नंबर आलेल्या मुलीकडं बघून मास्तर हसतात तसे. "अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझ्यात मला राणी दिसली."

म्हणजे मेकअप रूममध्ये ते तिच्यावर ओरडत होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. तिला झोपड्यातून उचलून आणलं म्हणाले तेव्हाही. मला संताप आला, इतका की समोरचा अडकित्ता उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. पण त्या दिवशी मी काय केलं? मी हो म्हणाले. संतापासकट हो म्हणाले. रिक्षात बसून घरी येताना मी मोठ्यानं स्वगत म्हणत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

मी राणी केली. चांगली केली. टाळ्या पडल्या, पेपरात दोन ओळी आल्या, अव्वानं कात्रण कापून देवघरात ठेवलं. पुढं दोन नाटकांत मोठी कामं मिळाली. मग सरांचे गुडघे गेले, त्यांचं येणं कमी झालं, आणि संस्था कुणीतरी सांभाळायला हवी असं सगळे म्हणायला लागले. मी नको नको म्हणत तीन दिवसांत ती ताब्यात घेतली. आता नाटक मी निवडते, कामं मी वाटते. कुणी वेळेवर आलं नाही की माझ्या कपाळाची शीर उडते ते बघून पोरं घाबरतात, आणि ती घाबरतात हे मला आवडतं.

गेल्या वर्षी नवीन नाटक बसवायला घेतलं तेव्हा एका कामासाठी बाई मिळेना. भाऊ म्हणाले, "सिस्टरला विचारा की. ती पोरगी लई भारी करत होती. एकदा चुकली म्हणून काय झालं?" सगळ्यांनी मान डोलावली. मला नाही म्हणायला कारण सुचेना. आणि खरं म्हणजे मला जायचं होतं. वाटलं, तिला काम द्यावं, म्हणजे ते जुनं सगळं फिटेल. मी आता देणारी होते ना.

सिस्टरच्या घरची मंडळी आता शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या घरांत राहायला गेली आहेत. दुपारी सिटी बसनं गेले. आईनं मला लगेच ओळखलं, चहा केला, शेजारणीला बोलावून सांगितलं की ह्या बाईंनी माझ्या पोरीला नाटक शिकवलं. सिस्टर शेजारी बसून हसत होती. वजन थोडं वाढलं होतं, बाकी तशीच. कामाचं मी आईसमोर काढलं नाही. सिस्टर मला स्टॉपपर्यंत सोडायला आली तेव्हा वाटेत म्हटलं, "एक चांगलं काम आहे. तुझ्यासाठीच आहे असं समज. येशील का?"

ती चालतच राहिली. मग मीच म्हटलं, "त्या दिवशी मी शब्द दिला नव्हता."

"म्हायती हाय की," ती म्हणाली. "मी तुमच्याकडंच बघत हुते."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं ताई? तुमी त्यांच्या अकरा वर्षाच्या. मी कालची. त्यांनी तुमालाच ठेवलं असतं, आणि वर मी खोटारडी झाले असते. मला ऐकू आलं न्हाई म्हणलं तर निदान बहिरी झाले." ती हसली नाही, चिडलीही नाही. दवाखान्यात पेशंटला औषध कसं घ्यायचं सांगावं तसं सांगत होती. "नाटक मला लई आवडायचं. अजून आवडतं. ड्युटीवर एकटी असले की म्हणते मी ते विहिरीचं. आता सगळं येतं, कुटंच अडत न्हाई."

मी म्हटलं, मग ये ना.

"येते की. उद्यापासून येते. पण तुमी न्हाई पायजे तितं." तिनं रस्त्याकडं बघितलं, बस येतीय का ते. "विंगेत न्हाई, स्टेजवर न्हाई, खुर्ची टाकून समोर बसलेल्या पण न्हाई. तुमी दिसलाव की माझं डोकं परत बंद पडंल. तुमी सोडणार असाल तर सांगा, मी येते."

मी म्हणाले, बघते. बस आली आणि मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती पाठमोरी चालायला लागली होती.

कुंभारी ते सोलापूर बसला काही फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात मी तिच्या बाजूनं विचार केला, माझ्या बाजूनं केला. संस्था भाऊंकडं देता आली असती. मला कुणी अडवलं नसतं, उलट सत्कार केला असता. तिच्यापासून मी जे काढून घेतलं ते तिला जसंच्या तसं परत मिळत होतं, आणि किंमत काय, तर मी रविवारी घरी बसायचं. मला सगळं कळत होतं. कळण्यात मी कधीच कमी पडले नाही.

रविवारी सकाळी मी तालमीला गेले. सगळे जमले होते. भाऊंनी विचारलं, "काय म्हणाली सिस्टर? यायलीय का?"

"तिला ड्युटीतून जमत नाही म्हणते," मी म्हटलं, आणि पहिल्या अंकापासून सुरू करा म्हणून सांगितलं.